मी हसलो की मला हसू आलं?

मराठी भाषेने आपल्यावर फार मोठे उपकार करून ठेवले आहेत, पण आपल्याला त्याची जाणीव नाही. आता हेच पाहा. लोणच्याची बरणी हातातून निसटली, तर आपण 'बरणी फुटली' म्हणतो. कुणी फोडली, हा प्रश्न बरणीने आणि फरशीने आपसांत मिटवायचा. सौ.ने फारच उलटतपासणी घेतली, तर 'माझ्या हातून फुटली' इथपर्यंत आपण माघार घेतो. म्हणजे आरोपी हात, आम्ही फक्त त्याचे पालक! राग आपण करत नाही, तो 'येतो'. झोप येते, हसू येतं, रडू कोसळतं, आठवण होते, विसर पडतो. सगळी मंडळी परगावच्या पाहुण्यांसारखी आपणहून येतात, आपण नुसते दार उघडणारे. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी स्वतः होऊन काय केलं याची यादी करायला बसलो, तर बी.कॉम. आणि लग्न अशा दोनच गोष्टी निघाल्या. त्यांतलं बी.कॉम. 'सुटलं' आणि लग्न 'ठरलं'. खाली बाकी शून्य.

बँकेत मात्र ही सोय चालत नाही. 'साहेब, पैसे गेले' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असलं, तरी ऑडिटर ते मान्य करत नाही. कुणाच्या खात्यातून गेले, कुणाच्या सहीने गेले, हे लिहावंच लागतं. जमा आहे तिथे नावे आहे आणि नावे आहे तिथे कुणाचं तरी नाव आहे. एखाद्या रकमेचा धनी सापडलाच नाही, तर ती तात्पुरती 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकतात. हे खातं म्हणजे बँकेची माळ्यावरची खोली. पण तीही मार्चअखेर झाडावी लागते.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती अशाच एका रकमेची आहे. माझ्या सस्पेन्स खात्यात ती बरीच वर्षं पडून होती.

तेव्हा मी दारव्ह्याला होतो. आमच्या शाखेत एक कॅशियर होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. नोटा मोजण्यात त्यांचा हात असा, की मोजणीच्या मशीनलाच त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावं. पण भाऊंना एक खोड होती. मोजता मोजता मधेच थांबायचे. डोळे उघडे, नजर समोरच्या कॅलेंडरवर, तोंड विडा चघळल्यासारखं हलतंय आणि बोटं सदऱ्याच्या बटणाशी खेळताहेत. अर्धा-पाऊण मिनिट हा प्रकार चाले. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात काम पुढे सुरू. कॅलेंडरवर नटराजाचं चित्र होतं, म्हणून मी या प्रकाराला 'समाधी' असं नाव दिलं. नाव गाजलं. बारशाला पेढे तेवढे वाटायचे राहिले.

मी जातिवंत विनोदी माणूस (हे माझं मत), त्यामुळे नावावर थांबलो नाही. मी समाधीची नक्कल बसवली. डबा खाताना ती हुकमी होई. 'होऊन जाऊ दे समाधी' अशी फर्माईश आली, की मी चमचा हातात धरून गोठायचो, तोंड हलवायचो, सदऱ्याचं बटण शोधायचो. लोक हसून हसून ठसक्याने बेजार. सांगायची गोष्ट ही, की भाऊसुद्धा हसायचे. आपण असं करतो, हे त्यांना पटत मात्र नव्हतं. 'काहीतरीच बुवा तुमचं!' म्हणायचे.

२०१२ सालचा जानेवारी. कापसाच्या चुकाऱ्याचे दिवस, काउंटरसमोर ही गर्दी. संध्याकाळी रोकड जुळेना. दहा हजार कमी. शंभराच्या नोटांचं एक अख्खं पाकीट. भाऊंनी तीनदा मोजलं, चारदा मोजलं, घाम पुसला. कमी पडलेली रोकड कॅशियरने भरायची, हा नियम ब्रह्मदेवाने सृष्टीच्या आधी केलेला आहे. मी जाता जाता म्हटलं, 'भाऊ, समाधीत दानधर्म केला की काय?' सगळे हसले. त्या दिवशी भाऊ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शटर वर जाताच एक शेतकरी पाकीट घेऊन हजर.

'साहेब, काल तुमच्या कॅशेरभाऊनं मले हे जास्तीचं देलं जी. म्या दोन डाव आवाज देला, पन थे काई बोलेच नाई. डोये उघडे, पन मानूस घरी नाई.'

मी त्याला हातानेच 'थांबा' म्हटलं आणि हौसेने समाधी करून दाखवली. 'असं का?' शिपाईमामा खो खो हसले. शेतकरी हसला नाही. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला,

'तुमी कावून हासून राह्यले जी? माह्या पोट्ट्यालेबी असंच होते. नागपूरच्या डाक्तरनं सांगतलं, हे फेफऱ्याचंच हाय. गोया चालू हायेत त्याच्या.'

'कावून हासून राह्यले?' या एका प्रश्नाने मला आयुष्यात पहिल्यांदा तत्त्वज्ञानात ढकललं. मी कॉमर्सचा माणूस, मला तिथे पोहता येत नाही. तेव्हापासून नाकातोंडात पाणी जातंय.

भाऊंना घेऊन नागपूरला मीच गेलो. तिथे त्यांच्या डोक्याला चिकट लेप लावून वायरींचं जाळं बसवलं आणि मेंदूतल्या विजेचा आलेख काढला. टॉर्चच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर सापडणारी मेंदूची वीज साधारणपणे त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नसते. एवढ्याशा भांडवलावर माणूस गीतारहस्य लिहितो, उधारी लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याच्या नकलाही करतो! ही वीज माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपली हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने, येना गावी, १९२४ साली. पुढे पाच वर्षं तो गप्प बसला आणि १९२९ साली त्याने ते छापलं. गंमत अशी, की गृहस्थ शोधत होता भलतंच. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. बहिणीच्या मनात पाल चुकचुकली, म्हणून वडिलांनी खुशाली विचारली होती. मनातलं मनाला कसं कळलं, हे शोधायला हा निघाला. ते शेवटपर्यंत सापडलं नाही, पण वाटेत फेफऱ्याचं निदान करायचं साधन सापडलं. हरवलेली किल्ली शोधताना मागच्या वर्षीची विजेची पावती सापडावी, तसं!

डॉक्टरांनी भाऊंचा प्रकार फार सोपा करून सांगितला. मेंदूतल्या पेशी एरवी आपापसांत बोलत असतात, कापसाच्या बाजारात असतो तसा गलका. गलका आहे म्हणून बाजार चालतो. पण एका कोपऱ्यातल्या सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच सुरात ओरडायला सुरुवात केली, तर तेवढ्या वेळापुरता सौदा बंद. गलका सगळ्या बाजारभर पसरला तर माणूस कोसळतो, हातपाय झटकतो, आणि त्याला आपण फेफरं म्हणून ओळखतो. कोपऱ्यातच राहिला तर माणूस जागेवर असून नसतो. त्यात बोटं चालतात, तोंड हलतं, पाकीटसुद्धा उचलून दिलं जातं; पण देणारा घरी नसतो. म्हणजे शेतकऱ्याने जे निदान फुकटात केलं होतं, तेच आम्ही फी भरून घेऊन आलो. जुन्या वैद्यांनी या दुखण्याला 'अपस्मार' नाव दिलं ते स्मृती जाते म्हणून. आणि नटराजाच्या पायाखाली जो ठेंगू दिसतो, त्याचंही नाव अपस्मारच. भाऊ इतकी वर्षं कॅलेंडरवर नजर लावून बसायचे, पण त्यांना तो ओळखू आला नाही. मलाही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात सुमारे पाच कोटी माणसांना हा विकार आहे, आणि नीट औषध मिळालं तर दहांतल्या सातांचे झटके थांबू शकतात. भाऊ त्या सातांत निघाले. परतीच्या एस.टी.त त्यांनी एवढंच म्हटलं, 'कुणाला सांगू नका. पोरीचं लग्न व्हायचंय.' मी म्हटलं, 'भाऊ, माझ्यावर विश्वास ठेवा.' शाखेत सांगितलं, की डोळ्यांचा नंबर वाढलाय.

भाऊंची भीती उगाच नव्हती. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा लग्नाला अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींत वेडाच्या झटक्यांशेजारीच अपस्माराच्या झटक्यांनाही बसवलं होतं. तो शब्द १९९९ साली काढून टाकला. कायद्याने तेवीस वर्षांनी आपली नोंद दुरुस्त केली. पण कायद्याचं पुस्तक कोरं झालं म्हणून आत्याबाईंचं पुस्तक कोरं होत नाही. शिवाय दुखणं होतं ते भाऊंना, पोरीला नव्हे. पण स्थळाच्या चौकशीत एवढा बारकावा कोण बघतो?

आता माझी नोंद.

एप्रिलमध्ये क्लोजिंगचा शिणवटा घालवायला स्टाफचं जेवण ठेवलं होतं. भाऊही होते. जेवणानंतर गाणी झाली, कोडी झाली, आणि कोपऱ्यातून आवाज आला, 'समाधी!' सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी भाऊंकडे पाहिलं. ते पानाला चुना लावत होते. मी उठलो. आणि 'समाधी' करून दाखवली. पूर्वीपेक्षा चांगली झाली. आता मला तिचा अर्थ माहीत होता ना!

घरी आल्यावर झोप 'येईना'. मी मराठीचा आश्रय घेतला. झालं. माझ्याकडून झालं. लोकांच्या आग्रहामुळे झालं. नाही म्हटलं असतं तर लोकांना शंका आली असती, म्हणजे भाऊंच्याच भल्यासाठी झालं. रात्री दोन वाजेपर्यंत मला इतकी कारणं सुचली, की त्यांच्यातलं एकही खरं नसावं अशी मला शंका आली.

पुढे गावच्या वाचनालयातून आणून मी मेंदूवरची पुस्तकं वाचू लागलो, तेव्हा त्या रात्रीशी जुळणारी एक हकिकत सापडली. १९९८ साली कॅलिफोर्नियात इट्झॅक फ्रीड नावाचे मेंदूचे शल्यविशारद सोळा वर्षांच्या एका मुलीला तपासत होते. तिला अपस्मार होता, औषधांना दाद देत नव्हता. झटका नेमका कुठून उठतो हे पाहायला तिच्या मेंदूवर विजेची अग्रं ठेवली होती. एका ठिकाणी थोडा प्रवाह सोडला की ती स्मित करी. वाढवला की खळखळून हसे. मजाही वाटे तिला. तिला विचारलं, 'बाई गं, का हसलीस?' समोर घोड्याचं चित्र असेल तर म्हणे, घोडाच गमतीदार आहे. डॉक्टर उभे असले तर म्हणे, तुम्ही लोकच असे उभे आहात की हसू येतं. खरं कारण वायरीत होतं. पण तिला ते ठाऊक नव्हतं, आणि कारणावाचून हसणं माणसाच्या मनाला परवडत नाही. हसू आधी आलं, कारण मागाहून धावत आलं.

मी पुस्तक मिटलं. 'तुमी कावून हासून राह्यले?' इतकी वर्षं मी सांगत होतो, भाऊ आहेतच मजेशीर. त्यांचा घोडा केला होता मी! त्या पोरीला निदान वायर तरी होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सुटलातच की! हसणंसुद्धा विजेचंच असेल, तर दोष तुमचा कसा? मलाही ही पळवाट फार आवडली. तिच्या जोडीला आणखी एक सापडली. १९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकन संशोधकाने लोकांना सांगितलं, मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि ते मनात कधी आलं ते घड्याळावर बघून ठेवा. मेंदूच्या आलेखात तयारीची रेघ हालचालीच्या अर्धा सेकंद आधीपासून चढू लागे. माणसाला 'आता हलवू' असं वाटे ते सेकंदाच्या पाचव्या भागाआधी. आमच्याकडे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी 'शकुंतला' नावाची छोटी गाडी होती. आता बंद आहे. गाडी हलल्यावर हिरवी झेंडी दाखवणारा आणि गाडी आपणच सोडली असं समजणारा एखादा स्टेशनमास्तर कल्पा. आपला 'मी' तो स्टेशनमास्तर आहे, असं या प्रयोगावरून काही लोक म्हणू लागले. पण २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडलं, की ती चढती रेघ म्हणजे झालेला ठराव नव्हे, ती ठरावाआधीची नुसती कुजबुज असू शकते. आणि खुद्द लिबेटनेही दार पूर्ण लावलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की शेवटच्या त्या पाचव्या भागात माणसाला 'नको' म्हणता येतं.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. जेवणाच्या रात्री माझी खुर्ची आणि पुढची मोकळी जागा यांत पंधरा पावलं होती. पंधरा पावलांत सेकंदाचे पाचवे भाग किती बसतात, याला कॅल्क्युलेटर लागत नाही. तेवढे 'नको' मी न वापरता परत पाठवले होते.

आणखी एक साक्ष काढतो आणि थांबतो. मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या रोग्यांची शस्त्रक्रिया त्यांना जागं ठेवून करत. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून हे जमतं. त्यांनी सुईने वीज दिली की रोग्याचा हात हले. पण हात हलला की रोगी सांगत, हे मी केलं नाही, डॉक्टर, हे तुमचं काम. पुढे २००९ साली फ्रान्समधल्याच दुसऱ्या संशोधकांना दिसलं, की मेंदूच्या दुसऱ्या एका जागी वीज दिली, तर हात हलवायची इच्छाच उत्पन्न होते. म्हणजे इच्छाही वायरीने येऊ शकते. मामला काही सोपा नाही. आजही तत्त्वज्ञानी मंडळींनी तो सस्पेन्स खात्यातच ठेवला आहे, आणि त्यांच्याकडे मार्चअखेर नसतो.

पण पेनफील्डच्या रोग्यांचा प्रामाणिकपणा मला शिवला. डोकं उघडं, वर सुई, आणि तरीही हा माणूस 'माझं' आणि 'माझं नव्हे' यांच्या दोन स्वच्छ रकान्यांत नोंद करतो. भाऊही तसेच. शेतकऱ्याने पाकीट आणून दिल्यावर ते त्याला म्हणाले होते, 'दिलं मी नाही, पण चूक माझ्या काउंटरवर झाली.' ज्याच्या मेंदूत खरोखरच वीज कडाडत होती, तो आपल्या काउंटरची जबाबदारी घेतो. आणि मी, ज्याच्या डोक्यात एकही वायर नाही, तो रात्री दोनपर्यंत 'झालं, झालं' म्हणत बसतो.

हल्ली तर मोठमोठी यंत्रं निघाली आहेत. ज्या तिघांना गोळ्या लागू पडत नाहीत, त्यांच्यापैकी काहींवर शस्त्रक्रिया करता येते; त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तो कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. मानेतल्या एका नसेला ठराविक वेळाने टिचकी देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९९७ साली परवानगी मिळाली, आणि २०१३ साली कवटीतच बसवण्याच्या यंत्राला. हे दुसरं यंत्र म्हणजे बँकेचा आदर्श वॉचमन. अखंड जागा राहतो, नोंदी ठेवतो, गलक्याची चाहूल लागताच बारीक झटका देऊन तो मोडतो, आणि आत बसलेल्या साहेबाला पत्ताही लागू देत नाही. नकलेची इच्छा होताच टिचकी देणारं यंत्र काही अजून निघालेलं नाही. निघालं तरी मी बसवून घेणार नाही. मग 'नको' कोण म्हणालं, मी की यंत्र, हा नवा घोळ!

तर, जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या पिंजऱ्यापाशी गेलो. तोंडाशी 'काल जरा झालं...' असं वाक्य आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, 'भाऊ, काल मी चूक केली. मुद्दाम केली. माहीत असून केली.' असं कर्ता उघड सांगणारं वाक्य बोलायची सवय नव्हती, त्यामुळे घसा कोरडा पडला.

भाऊंनी हातातलं पाकीट मोजून पुरं केलं, रबर लावलं आणि म्हणाले, 'तुमची नक्कल चांगली असते. एकच चुकतं. माझी मान डावीकडे वळते म्हणे, घरची सांगते. तुम्ही उजवीकडे वळवता.'

मी हसलो नाही. मला हसूही आलं नाही. मग भाऊच हसले, आणि मी पाहत राहिलो.

त्याच वर्षी दिवाळीआधी मुलीचं लग्न ठरलं. बोलणीच्या बैठकीत भाऊंनी स्वतःच सगळं सांगून टाकलं, गोळ्यांची पट्टी पुढे ठेवून. व्याही म्हणाले, 'आमच्याकडे शुगर आहे,' आणि सुपारी फुटली. (हीही आपणहूनच फुटते.) मग भाऊंनी शाखेतही सांगितलं. कधी मोठा झटका आलाच तर काय करायचं, तेही सगळ्यांना बसवून शिकवलं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं सरकवा, तोंडात काही कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्या, आणि पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना गाठा. कामं वाटून दिली. घड्याळ बघायचं काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, 'हे नुसतं बघत राहण्याचं काम आहे, तुम्हाला जमेल.'

भाऊ निवृत्त होईपर्यंत त्या घड्याळाची गरज पडली नाही. पण त्यांचा हात कधी क्षणभर थांबला, की माझी नजर आधी मनगटाकडे जाई. ती जाई की मी नेई, हे मला अजून सांगता येत नाही. फक्त एक रक्कम मी सस्पेन्समधून काढून माझ्या नावे टाकली आहे: एप्रिल २०१२, पंधरा पावलं.